शिक्का पुसू नका, बॉस!

समजा, उद्या तुमची कंपनी विकली गेली. नाव तेच, लोगो तोच, गळ्यातल्या आयकार्डची दोरीसुद्धा तीच. फक्त दोन वर्षांत जुनी टीम पांगली, काम दुसरीकडे हललं आणि ज्यांच्या सहीशिवाय एकही वस्तू गेटबाहेर पडत नव्हती ते क्वालिटीवाले काका व्हीआरएस घेऊन घरी बसले. आता सांगा, ही कंपनी तीच का? एचआरला विचाराल तर ‘अर्थातच!’ असं उत्तर आणि वर एक कॉफी मग मिळेल.

जुने इंग्लिश ब्रायर पाईप जमवणाऱ्याला विचाराल तर तो आधी खिशातून भिंग काढेल. मग लाकडावरची तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं वाचेल आणि शांतपणे सांगेल, ‘नाही. १९६२ नंतर ती कंपनी ती राहिली नाही.’

हो, पाईप म्हणजे तेच तंबाखूचे पाईप. के. एन. सिंग ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात जो तोंडाच्या कोपऱ्यात धरून समोरच्याचा घाम काढायचा, तो. किंवा भालबा केळकरांच्या अनुवादांमधून आपल्याकडे आलेल्या शेरलॉक होम्सच्या हातातला. (त्यातही गंमत म्हणजे होम्सचा तो मोठ्ठा, वाकडा, भोपळ्यापासून केलेला पाईप ही नाटक-सिनेमावाल्यांची देणगी. कॉनन डॉईलच्या कथांमधला होम्स मातीचा, ब्रायरचा, चेरीच्या लाकडाचा असे साधे पाईप ओढतो.)

पुढे जाण्याआधी एक गोष्ट क्लिअर करते. ‘पाईपचा धूर आत ओढत नाहीत, म्हणजे तो सेफ’ हा फंडा साफ चूक आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर असला फरक करत बसत नाही. मी स्वतः ओढत नाही आणि हा कॉलम वाचून कुणी ओढायला लागावं अशी अजिबात इच्छा नाही. पण घड्याळ जमवणारे वेळ बघायला घड्याळं जमवतात का? तसंच इथेही. कित्येक संग्राहकांच्या कपाटात शंभरेक पाईप असतात आणि घरात काडेपेटी फक्त देवापुढच्या दिव्यासाठी. त्यांना धुरात इंटरेस्ट नसतो, लाकडात असतो. आणि त्याहून जास्त, ते लाकूड कुणी घासलं यात.

तर, लाकूड. ब्रायर हे एरिका अर्बोरिया नावाच्या झुडपाचं. कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीचा कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या डोंगरांवर ते वाढतं. कामाची असते ती जमिनीखालची गाठ, मूळ आणि खोड यांच्या मधली. पाऊस कमी, वणवे जास्त, अशा जागी झुडूप या गाठीच्या जिवावर पुन्हा फुटतं. म्हणून ती घट्ट, जड आणि आगीला सहज दाद न देणारी होते. पाईपला नेमकं हेच हवं असतं, कारण आत निखारा आणि बाहेर माणसाची बोटं. चांगली गाठ तयार व्हायला काही दशकं लागतात. ती खणून काढायची, तडकू नये म्हणून ओली ठेवायची, करवतीवर तिचे ठोकळे पाडायचे, ठोकळे तासन्‌तास उकळून आतला कडवट रस काढून टाकायचा आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं सावलीत सुकू द्यायचे. लोणच्यासारखं आहे हे, घाई केली की बिघडलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात मातीचे पाईप चालायचे (आपल्या चिलमीचे दूरचे भाऊ म्हणा), श्रीमंतांकडे मिअरशॉमचे, म्हणजे एका पांढऱ्या मऊ खनिजाचे. मग फ्रान्सच्या जुरा डोंगरांतल्या सँ-क्लोद गावात लाकूड कोरणाऱ्या कारागिरांनी ब्रायर हातात घेतलं आणि बाजार पालटला. फ्रेंच शब्द ‘ब्रुयेर’, त्याचं इंग्रजांनी ब्रायर केलं.

इथे एक प्रश्न पडायला हवा. लाकूड अल्जीरियाचं किंवा कॉर्सिकाचं, कसब फ्रान्सचं. माऊथपीस व्हल्कनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, आणि रबर मलायासारख्या ठिकाणच्या मळ्यांतलं. बरं, करणारी माणसं? फ्रेडरिक चॅराटन रशियातून लंडनला आला आणि १८६३ मध्ये त्याने दुकान टाकलं. कोमॉय कुटुंब मूळचं सँ-क्लोदचंच, १८२५ पासून या धंद्यातलं. त्यांच्यातला हेन्री १८७९ मध्ये लंडनला आला. इतकंच काय, परदेशी मालावर देशाचं नाव छापण्याची सक्ती केली ती अमेरिकेच्या १८९० च्या कायद्याने, त्यामुळे ‘मेड इन इंग्लंड’ या अक्षरांमागेही अमेरिकन कस्टमवाले उभे आहेत. मग या पाईपमध्ये इंग्लिश ते काय राहिलं?

माझं उत्तर : हट्ट. लंडनवाल्यांनी बाकी सगळं बाहेरून आणलं, पण ‘हे चालणार नाही’ म्हणायची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.

आल्फ्रेड डनहिलचंच बघा. १८९३ मध्ये वडिलांचा घोड्यांच्या खोगीर-लगामांचा धंदा त्याच्या हातात आला. रस्त्यावर मोटारी दिसायला लागल्यावर गड्याने ओळखलं, की घोड्यांचे दिवस संपले. त्याने मोटारवाल्यांना लागणाऱ्या वस्तू विकायला घेतल्या : कोट, गॉगल, भोंगे, दिवे. त्याची जाहिरातच अशी, की मोटार सोडून सगळं मिळेल. त्या काळच्या मोटारी उघड्या, वाऱ्यात पाईप विझायचा, म्हणून १९०४ मध्ये त्याने पुढे वारा अडवणारी भिंत असलेल्या पाईपचं पेटंट घेतलं. १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान उघडलं. तिथे विकायला बाहेरून आणलेले पाईप त्याच्या पसंतीला उतरेनात, तेव्हा १९१० मध्ये थोडे कारागीर गोळा करून स्वतःच बनवायला लागला. आजच्या भाषेत, व्हेंडर धड माल देत नाही म्हणून सरळ इनहाउस.

डनहिलचा तो प्रसिद्ध पांढरा ठिपका आज स्टेटस सिम्बॉल मानला जातो. पण त्याचा जन्म साध्या तक्रारीतून झाला. सरळ पाईपच्या माऊथपीसची वरची बाजू कुठली ते गिऱ्हाइकांना कळेना. म्हणून १९१२ च्या सुमारास वरच्या बाजूला ठिपका बसवला. ब्रँडिंगची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

त्याचा दुसरा पराक्रम म्हणजे ‘शेल’. १९१७ मध्ये त्याने पाईपवर वाळूचा झोत मारायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. झोताखाली लाकडाचा मऊ भाग झिजतो, कडक भाग उरतो आणि वर्षानुवर्षं वाढलेल्या गाठीची वर्तुळं शिंपल्यावरच्या रेषांसारखी वर येतात. हातात घेतला की बोटं आपोआप त्या रेषांवरून फिरतात. गुळगुळीत, चकचकीत पाईप दिसायला देखणा असतो हे मान्य. पण माझं मत विचाराल तर लाकडाचं वय कळतं ते शेलमध्येच.

आता ‘हँडमेड’ या शब्दाबद्दल थोडं, कारण आज साबणापासून पास्त्यापर्यंत सगळंच हँडमेड असतं. बहुतेक नामवंत कारखान्यांतही पाईपचा मुख्य आकार लेथसारख्या मशीनवर निघायचा. पुढचं सगळं हाताने : कानस, पॉलिश पेपर, माऊथपीस दांडीला असं बसवणं, की सांध्यावर नख अडकता कामा नये. चॅराटनचा दावा त्याही पुढचा. आमचा पाईप ठोकळ्यापासून शेवटपर्यंत हातानेच, असं ते सांगायचे आणि साठच्या दशकात तर त्यांनी पाईपवर ‘मेड बाय हँड’ असा शिक्काच मारला. हाताच्या कामात मोठा जुगार असतो तो लाकडाच्या पोटातल्या खड्ड्यांचा. दोन-तीन तास घासल्यावर, शेवटच्या मिनिटाला, कानसेखाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक उघडं पडतं. सुतार फर्निचरला लांबी भरतो तशी तिथे लांबी भरून वर रंग दिला की झालं. स्वस्त पाईपमध्ये हेच करतात. हट्टी दुकानांत तसं चालायचं नाही. तो पाईप वरच्या दर्जातून बाद.

चॅराटनच्या दर्जांची नावं वाचून मला तर अप्रेझलचा फॉर्म आठवला. बेल्व्हडिअर, स्पेशल, एक्झिक्युटिव्ह, सिलेक्टेड, सुप्रीम... ‘एक्झिक्युटिव्ह’ कुठे बसतो ते पाहिलंत? मधेच. व्हिजिटिंग कार्डावर तो शब्द मिरवणाऱ्यांनी राग मानू नये.

आणि बाद झालेले पाईप? ते फेकून कोण देणार! डनहिलने १९२० च्या दशकात पार्कर नावाची वेगळी कंपनी काढली, कोमॉयने ‘गिल्डहॉल’ नावाने विकले, ससिएनीने ‘मेफेअर’ नावाने. आपल्या फॅशन स्ट्रीटवरचा एक्स्पोर्ट सरप्लस असतो ना, अगदी तसंच. लाकूड चांगल्या घरचं, एखादं बटण तेवढं तिरकं. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी. किंमत कमी, शिकायला मिळतं जास्त.

आता त्या १९६२ कडे येऊ.

बार्लिंग हे लंडनमधलं जुनं घराणं, १८१२ पासूनचं. मूळचे चांदीकाम करणारे. त्यांचे पाईप वजनाला हलके, लाकूड नीट मुरवलेलं. बाकीच्यांनी मोठमोठ्या जाहिराती केल्या, बार्लिंगवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. १९६० मध्ये कंपनी विकली गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत कुटुंबातली माणसं बाजूला झाली. १९६२ च्या आसपास शिक्काही बदलला. आधी ‘बार्लिंग्ज’ हा शब्द कमानीसारखा आणि त्याखाली ‘मेक’, ठसठशीत मोठ्या अक्षरांत. नंतर हाताने सही केल्यासारखी तिरकी, नटवी अक्षरं. मॉडेलचे नंबर बदलले. जगासाठी बार्लिंग चालूच होती. पण संग्राहकांनी तिथे रेघ मारली. रेघेच्या अलीकडचे ‘प्री-ट्रान्झिशन’, पलीकडचे ‘पोस्ट-ट्रान्झिशन’, मधल्या धामधुमीतले ‘ट्रान्झिशन’. एखाद्या मर्जरच्या पॉवरपॉइंटमधली भाषा वाटते, नाही? आणि रेघेच्या दोन्ही बाजूंच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक.

चॅराटनचंही तेच. फ्रेडरिकनंतर मुलगा रुबेन, रुबेननंतर साठच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी अमेरिकन व्यापारी हर्मन लेनकडे गेली. सत्तरच्या दशकात डनहिलकडे. डनहिल सोडून १९१९ मध्ये स्वतःचं दुकान थाटणाऱ्या जोएल ससिएनीचे चार ठिपकेवाले पाईपही असेच, १९७९ मध्ये विकले गेले. प्रत्येक वेळी नाव शाबूत राहिलं, आणि प्रत्येक वेळी भिंगवाल्यांनी बसून ठरवलं, की हात नक्की कधी बदलले.

हे सगळं ठरवायचं कशावरून? दांडीवरच्या शिक्क्यावरून. डनहिलच्या शिक्क्यात ‘इंग्लंड’ या शब्दानंतर एक बारीक आकडा असतो, तो वर्षाचा. पण प्रत्येक दशकात आकडे फिरून तेच, म्हणून आकडा केवढा आहे, त्याखाली रेघ आहे का, शेजारी पेटंट नंबर कुठला आहे, यावरून दशक शोधायचं. १९५० पासून पुढे सुमारे पाव शतक एका छोट्या गोलात पाईपच्या साईजचा आकडा आणि शेजारी फिनिशचं अक्षर. कोमॉयच्या माऊथपीसवरचं इंग्रजी ‘सी’ जुन्या पाईपवर तीन तुकडे एकमेकांत बसवून केलेलं, नंतरच्यांवर एकाच तुकड्याचं. चांदीची पट्टी असेल तर अजून मजा. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे चांदीवर सिंहाचा ठसा, तपासणाऱ्या शहराचा ठसा (बर्मिंगहॅमचा नांगर, म्हणजे जहाजाचा, शेतीचा नव्हे) आणि वर्षाचं अक्षर असायचं. मात्र सावधान! दांडीला तडा गेला की तो झाकायलाही चांदीची पट्टी लावायचे. अशा वेळी ठशावरचं वर्ष पट्टीचं असतं, पाईपचं नसतं. पाईपला वीस-तीस वर्षं आधीच झालेली असू शकतात.

आमच्या ग्रुपमधला एकजण ऑनसाइट म्हणून दोन वर्षं लंडनला होता. शनिवारी पोर्टोबेलो रोडच्या बाजारात जुन्या वस्तू चाळायचा त्याला नाद लागला. एका शनिवारी त्याला एक काळाकुट्ट पाईप मिळाला. माऊथपीस हिरवट-तपकिरी झालेलं, कडा जळालेली, आत कोळशाचा जाड थर. पठ्ठ्याने घरी आणून आधी भिंगाने अक्षरं वाचायची सोडून ड्रिल मशीनला पॉलिशचं चाक लावलं.

मला रात्री फोन. ‘अगं, आरशासारखा चमकतोय! नवाकोरा वाटतोय!’

पुढच्या आठवड्यात त्याने तो तिथल्या एका जुन्या संग्राहकाला दाखवला. त्या गृहस्थाने पाईप उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा तिरका केला. आकारावरून, वजनावरून, माऊथपीसच्या टोकावरून त्याला वाटत होतं, की हा रेघेच्या अलीकडचा बार्लिंग असावा. पण शिक्क्याच्या जागी एक कमान उरली होती, अगदी अंधूक, आणि तिच्याखाली काहीच नाही. ‘हे कुणी केलं?’ एवढंच त्याने विचारलं. आमचा मित्र म्हणतो, तसा आवाज त्याने आयुष्यात एकदाच ऐकला होता, लॅपटॉपवर चहा सांडला तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये.

लाकूड तेच होतं की! भोक तेच, आकार तोच, हात लागले तेही तेच. फक्त ते सांगणारं काही राहिलं नाही. या छंदातला क्रूरपणा हाच आहे. पाईप शंभर वर्षं आगीत टिकतो आणि हौशी माणसाच्या पाच मिनिटांच्या पॉलिशमध्ये अनाथ होतो. म्हणून लिलावात फोटो बघताना चकाकी बघून हुरळू नका. शिक्क्याचा क्लोज-अप नसेल तर मागा. शिक्क्याच्या कडा गोलसर झाल्या असतील तर चाक फिरलंय असं समजा. उलट, माऊथपीस हिरवं पडलं असेल तर घाबरू नका. व्हल्कनाइटमधलं गंधक उजेडाने वर येतं, तो मळ हळूहळू, हाताने निघतो. बाऊलमधला कोळशाचा थर ओढणारे मुद्दाम राखतात, पण फार जाड झाला तर तापल्यावर फुगून लाकूड फोडतो. तो काढायचा, पण सावकाश. आणि पांढरा ठिपका दिसला म्हणून पाईप डनहिलचा असं धरून चालू नका. माऊथपीस बदलता येतं. लाकडावरचं वाचा.

या सगळ्याची मूळ गरज, म्हणजे पाईप ओढणारा माणूस, तो मात्र जवळजवळ संपला. ब्रिटनमध्ये १९६४ पासून ‘पाईप स्मोकर ऑफ द इयर’ असा पुरस्कार द्यायचे. १९६५ मध्ये तो पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सनला मिळाला. पाईपमुळे माणूस शांत, विचारी, आपल्यातला वाटतो हे विल्सनला पक्कं ठाऊक होतं. कॅमेऱ्यासमोर पाईप आणि खासगीत सिगार, असं त्याच्याबद्दल सांगतात. २००३ चा मानकरी स्टीफन फ्राय शेवटचा ठरला. तंबाखूच्या जाहिरातीवर बंधनं आली आणि २००४ मध्ये पुरस्कार बंद झाला. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानालाच बंदी. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. सवय गेली ते बरंच झालं. पण सवयीबरोबर कानस धरणारे हातही गेले, आणि त्याचं वाईट न वाटणं मला जमत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

त्या हातांची नावंही बहुतेक ठिकाणी कुठेच नाहीत. शिक्का मालकाचा, वर्ष कायद्याचं, देश कस्टमवाल्यांचा. ज्याने दिवसभर घासलं त्याचं एक अक्षर नाही. अपवाद थोडे. डनहिलमध्ये तयार झालेला विल्यम ॲश्टन-टेलर हा कारागीर १९८३ मध्ये स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि त्याने पाईपवर नाव घातलं ‘ॲश्टन’, स्वतःचंच, पण अर्धं. मुरवायची जुनी रीत, वाळूचा झोत, सगळं तो सोबत घेऊन आला होता. जुन्या लंडनच्या चवीचे पाईप हवे असणाऱ्यांनी ते उचलून धरले. २००९ मध्ये तो गेला. त्याच्याबरोबर काम केलेल्या माणसाने ॲश्टन पुढे चालू ठेवलं, त्याच नावाने, त्याच शिक्क्याने.

भिंगं पुन्हा खिशातून बाहेर निघाली.